१९६८च्या मस्टँगमध्ये पाच-स्पीड गिअरबॉक्स: घ्यायचा कुठला आणि मोजायचं काय

तुमची गाडी १९६८ची मस्टँग कूपे. २८९ क्यूबिक इंचांचं, दोन-बॅरल कार्बोरेटरचं व्ही-८ इंजिन, कंपनीचाच तीन-स्पीड गिअरबॉक्स, मागे ३.०० रेशोचं आठ इंची डिफरन्शियल आणि २०५/७० आर १४ टायर. फ्रीवेवर ताशी ७० मैलांना इंजिन इतकं ओरडतं की शेजारी बसलेल्याशी बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला गिअरबॉक्स बदलायचाय. प्रश्न दोन आहेत: जुन्या जमान्याचा चार-स्पीड टॉपलोडर घ्यावा की पाच-स्पीड टी-५? आणि टी-५ नाजूक असतो म्हणतात, ते खरं आहे का?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो: टी-५. दुसऱ्याला मात्र वेळ लागेल, कारण टी-५ तुटतो हे खरं असलं तरी ज्या कारणाने तुटतो असं लोक समजतात, ते बहुतेक वेळा खरं नसतं. मिशिगनमध्ये गेली वीसेक वर्षं मी दिवसा नोकरी आणि संध्याकाळी गॅरेज असं करतोय. फोर्डच्या छोट्या व्ही-८ मागे बसवलेल्या आणि दुसऱ्यांनी बसवलेल्या म्हणून पुन्हा खाली उतरवलेल्या गिअरबॉक्सच्या बऱ्याच पेट्या या हातांखालून गेल्यात.

आधी आकडा काढू. ताशी मैल गुणिले डिफरन्शियलचा रेशो गुणिले ३३६, भागिले चाकाचा व्यास इंचांत, म्हणजे १.०० रेशोच्या गिअरमधले आरपीएम, इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या, मिळतात. तुमच्या टायरचा व्यास साधारण २५.३ इंच. ७० मैलांना तुमचं इंजिन २,७८९ फेऱ्यांवर चालतंय. टॉपलोडर सुंदर पेटी आहे, मला मनापासून आवडते, पण तिचा चौथा गिअर १.०० चाच. तुमच्या तीन-स्पीडचा तिसराही १.०० चाच. म्हणजे एवढा खर्च, एवढी मेहनत करून ७० मैलांना इंजिन पुन्हा २,७८९ वरच. टी-५ चा पाचवा ०.६८ चा आहे, तो धरला की तेच इंजिन १,८९६ वर येतं. जवळजवळ नऊशे फेऱ्या कमी! एवढ्याने तुमचं बोलणं ऐकू येईल.

आता दुसरी बाजू, पहिला गिअर. पहिल्याचा रेशो आणि डिफरन्शियलचा रेशो यांचा गुणाकार दहाच्या आसपास असावा, हा माझा आडाखा. फार खाली गेला तर सिग्नलवरून उठताना क्लच जळतो आणि फार वर गेला तर गाडी हलते न हलते तोच दुसरा टाकावा लागतो. १९८५ नंतरच्या व्ही-८ मस्टँगच्या टी-५ चा पहिला ३.३५ आहे. तुमच्या ३.०० शी गुणला तर १०.०५. याहून छान जुळणी मागूनही मिळणार नाही. त्यामुळे डिफरन्शियलला आत्ता हात लावू नका. एक हंगाम चालवून बघा. पाचव्यात गाडी चढाला सुस्त वाटली तर ३.२५ चा क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली गिअरची जोडी, घाला. मग पहिला १०.९ होईल आणि ७० मैलांना आरपीएम २,०५० च्या जवळ जातील. त्यापुढे जाऊ नका. लोक आधी ३.५५ घालून मोकळे होतात, मग पहिला गिअर ट्रॅक्टरसारखा झाला म्हणून गिअरबॉक्सला नावं ठेवतात.

आता नाजूकपणाचं. टी-५ ही बोर्ग-वॉर्नरची पेटी. ती १९८२ मध्ये एएमसीच्या (अमेरिकन मोटर्सच्या) गाड्यांतून आली आणि १९८३ मध्ये मस्टँग जीटीत. सुरुवातीच्या पेट्यांना आज ‘नॉन-वर्ल्ड-क्लास’ म्हणतात. १९८५ पासून व्ही-८ मस्टँगला ‘वर्ल्ड-क्लास’ पेटी मिळाली. तिच्यात काउंटरशाफ्टला, म्हणजे पेटीतल्या दुसऱ्या, खालच्या शाफ्टला, पुढेसुद्धा टेपर रोलर बेअरिंग आहे आणि सिंक्रो रिंगना (गिअर टाकताना दोन्ही भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्यांना) घर्षणाचं अस्तर आहे. टॉर्क पेलायची सुरुवातीची क्षमता २६५ पाउंड-फूट, १९९० पासून ३००. पुढे ही पेटी ट्रेमेककडे गेली आणि त्यांच्या टी-५ झेडचा आकडा ३३० आहे. तुमच्या इंजिनाचा कागदावरचा टॉर्क २८८, आणि तोही १९६८च्या ‘ग्रॉस’ पद्धतीने मोजलेला. म्हणजे पंखा, पूर्ण एक्झॉस्ट वगैरे काही न लावता. गाडीत बसलेलं इंजिन त्याहून बरंच कमी देतं. तेव्हा आकड्यांच्या हिशेबात तुम्ही ३०० वाल्या पेटीच्या निवांत आत आहात.

मग तुटतो का? टी-५ चा सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि दोन शाफ्टमधलं अंतर फक्त ७७ मिलिमीटर. तिरक्या दातांचे गिअर भाराखाली एकमेकांना बाजूला ढकलतात. झटका मोठा असेल तर सांगाडा क्षणभर फाकतो, दात टोकावर येतात आणि दुसरा किंवा तिसरा गिअर दात टाकतो. म्हणजे तिला मारतो तो झटका: चिकट रुंद टायर, चार हजारांवर सोडलेला क्लच, दणकून टाकलेला तिसरा. ज्याला ड्रॅग स्ट्रिपवर, सरळ रेषेतल्या शर्यतीला, जायचंय त्याने टी-५ घेऊ नये. त्याने ट्रेमेकचा टीकेएक्स घ्यावा. तो २०२० मध्ये आला, ६०० पाउंड-फूट पेलतो, आणि त्याच्या आधीच्या टीकेओ पेटीला बोगदा (गिअरबॉक्सवरचा तळाच्या पत्र्याचा उंचवटा) कापावा किंवा ठोकावा लागायचा तेवढी वेळ बहुधा येत नाही. तुम्ही कुटुंबाला घेऊन रविवारी फिरणार. तुमच्यासाठी टी-५ हलका, मऊ आणि पुरेसा आहे.

पण शांतपणे चालवलेल्या गाड्यांतलेही टी-५ मरतात. मी उघडलेल्या पेट्यांत याच जास्त. त्या मरतात कारण त्या इंजिनाच्या रेषेत बसवलेल्याच नसतात. तुम्हाला पटवून द्यायची मुख्य गोष्ट हीच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

कॉलेजच्या सुट्ट्यांत कोल्हापुरात एका गॅरेजमध्ये मी जीपचे गिअरबॉक्स चढवायला शिकलो. तिथले उस्ताद म्हणायचे, ‘आधी जुळव, मग आवळ.’ तेव्हा वाटायचं, हे बोल्टच्या भोकांबद्दल बोलतायत. त्याचा पुरता अर्थ कळला तो इथे आल्यावर, पहिल्यांदा डायल गेज, म्हणजे बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र, हातात घेतलं तेव्हा. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट पुढे क्रँकच्या पायलट बुशमध्ये, म्हणजे क्रँकच्या टोकातल्या छोट्या कड्यात, टेकतो आणि मागे पेटीच्या बेअरिंगमध्ये. पेटी बसते बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या घंटेसारख्या आवरणाच्या, मधल्या गोल भोकात, आणि बेल हाउसिंग इंजिनवर बसतं जागा ठरवणाऱ्या दोन डॉवेल पिनांवर. त्या पिना ब्लॉकमध्ये जिथे आहेत, तिथून हे भोक क्रँकच्या मध्याशी बरोबर जुळेलच असं नाही. साठीच्या दशकातलं ओतकाम, त्यात आजवर कोणी इंजिन बदललंय, कोणी बेल हाउसिंग. मध्य सरकलेला असेल तर शाफ्ट प्रत्येक फेरीला दोन टोकांमध्ये वाकल्यासारखा फिरतो. सुरुवातीला फक्त गिअर जरा जड पडतात. मग क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स करकरतो, पायलट बुश अंडाकृती होतं, पुढचं बेअरिंग गुणगुणायला लागतं. आणि एक दिवस गाडी चौथ्यातून आपोआप न्यूट्रलमध्ये येते. दोष जातो पेटीला.

मोजायचं असं. स्पार्क प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने फिरेल. फ्लायव्हील जागेवर, क्लच नाही. बेल हाउसिंग डॉवेलवर बसवून बोल्ट पूर्ण आवळा. डायल गेजचा चुंबकी पाय फ्लायव्हीलवर चिकटवा, टोक बेल हाउसिंगच्या भोकाच्या आतल्या भिंतीवर टेकवा आणि क्रँक पूर्ण एक फेरी फिरवा. काटा सगळ्यात पुढे आणि सगळ्यात मागे कुठे गेला यातला फरक पाच थाऊच्या आत हवा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पाच थाऊ म्हणजे ०.१३ मिलिमीटर, वहीच्या पानाहून थोडंसंच जास्त. तीनदा मोजा. तीनही वेळा तोच आकडा आला नाही तर गेज सैल आहे किंवा भोकात रंग-गंज आहे. मग टोक भोकाबाहेरच्या सपाट तोंडावर लावून तेही बघा. तिथेही एवढीच मर्यादा. तोंडावर जास्त येत असेल तर ब्लॉक आणि बेल हाउसिंगच्या मध्ये बहुधा रंगाचा पापुद्रा किंवा कचरा असतो.

एका १९६९च्या गाडीत मला भोकावर १६ थाऊ मिळाले. मालकाने त्या गाडीत चार वर्षांत दोन पेट्या घालवल्या होत्या. काट्याचा फरक हा मध्य जेवढा सरकलाय त्याच्या दुप्पट असतो, म्हणजे खरी चूक ८ थाऊची. त्यावर उपाय आहे ऑफसेट डॉवेल. ही पिन दोन भागांची असते आणि भागांचे मध्य एकमेकांपासून थोडे हललेले असतात. त्या ७, १४ आणि २१ थाऊच्या मिळतात. ७ च्या दोन पिना घातल्या, दोन्हींच्या खुणा एकाच दिशेला ठेवून फिरवल्या, आणि १६ चे २ झाले. संध्याकाळचे तीन तास गेले. ती गाडी अजून त्याच पेटीवर चालते. दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवरच्या ड्रीम क्रूझला मला दिसते, आणि ती तिसऱ्यातून चौथ्यात जाताना मी कान देऊन ऐकतो.

हे मोजमाप तुम्ही स्वतः करा. दुकानदार ‘आमच्या पार्टला लागत नाही’ म्हणाला तरी करा. चूक पार्टमध्ये नसतेच. तुमचा ब्लॉक आणि त्याचा पार्ट यांच्या जोडीत असते, आणि ती जोडी त्याने पाहिलेली नाही.

पेटी विकत घेताना. नवी घेतलीत तर प्रश्न नाही. जुनी घेणार असाल तर १९८५ ते १९९३ मधल्या व्ही-८ मस्टँगची बघा, जमलं तर १९९० नंतरची. १९९४-९५ च्या पेटीचा इनपुट शाफ्ट लांब आहे, ती तुम्हाला सरळ बसणार नाही. जनरल मोटर्सच्या कॅमरोतली टी-५ गाडीत तिरकी बसायची, ती तर नकोच. मागच्या हाउसिंगच्या बोल्टला लटकवलेल्या पट्टीवर १३५२ ने सुरू होणारा आकडा असतो. त्यावरून पेटी कुठल्या गाडीची ते शोधता येतं, पण पट्टी बदलता येते. मला एकदा एका विक्रेत्याने चार सिलिंडरच्या मस्टँगची पेटी व्ही-८ ची म्हणून दिली, पट्टीसकट. त्यानंतर मी एक चाचणी कधी चुकवत नाही: पहिल्या गिअरमध्ये टाकून इनपुट शाफ्ट बरोबर दहा वेळा फिरवा आणि मागचा शाफ्ट किती फिरतो ते मोजा. ३.३५ ची पेटी असेल तर जवळजवळ बरोबर तीन फेऱ्या होतात. अडीचच झाल्या तर ती चार सिलिंडरवाली, पहिला चारच्या घरातला. पैसे द्यायच्या आधी, विक्रेत्यासमोर, त्याच्याच बाकावर करा.

पुढची बेअरिंग रिटेनर (इनपुट शाफ्टभोवतीची नळी) ॲल्युमिनियमची असेल आणि रिलीज बेअरिंग जिथे सरकतं तिथे खाचा पडल्या असतील तर पोलादी रिटेनर घाला. फार महाग नाही आणि क्लच मऊ होतो.

तुमचं सध्याचं बेल हाउसिंग टाकू नका. त्यावर अ‍ॅडॅप्टर प्लेट लावून टी-५ बसतो. प्लेटची जाडी टी-५ च्या लांब शाफ्टचा हिशेब जमवते. यात फायदा मोठा आहे: तुमचं फ्लायव्हील, स्टार्टर, मधला पत्रा, क्लचचा फोर्क आणि ती झेड आकाराची क्लचची दांडी, सगळं तसंच राहतं. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे दाते) तुमच्या गाडीच्या काळच्या फोर्डसारख्याच, १ १/१६ इंच, १० दाती, त्यामुळे क्लच प्लेट शोधायला वणवण नाही. मागच्या शाफ्टला २८ स्प्लाइन. तुमच्या योकच्या, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या पेटीत शिरणाऱ्या टोकाच्या, स्प्लाइन मोजा, तेवढ्याच निघाल्या तर तोच योक आत जाईल. प्लेट लावल्यावर डायल गेज पुन्हा एकदा, या वेळी प्लेटच्या भोकावर. पेटी शेवटी त्याच भोकात बसणार आहे.

फ्लायव्हीलबद्दल एकच गोष्ट, पण ती विसरलात तर इंजिन जाईल. तुमचं २८९ हे २८ औंस-इंच असंतुलनाचं इंजिन आहे, म्हणजे फ्लायव्हीलच्या एका बाजूला मुद्दाम तेवढा जास्त भार ठेवलेला असतो. १९८० च्या दशकातल्या ५.० लिटर मस्टँगचं फ्लायव्हील ५० औंस-इंचांचं. दिसायला सारखं, बोल्ट सारखे, आणि जुनी टी-५ विकणारा माणूस ‘हे पण घेऊन जा’ म्हणून हौसेने पुढे करतो. घेऊ नका. गाडी दोन हजारांनंतर थरथरायला लागते आणि वेगाबरोबर ते वाढत जातं. तुमचंच फ्लायव्हील मशीन शॉपमधून घासून आणा. दाते मोजून ठेवा, १५७ आहेत की १६४, पुढे कधी स्टार्टर बदलताना लागेल.

पायलटला मी ब्राँझचं बुश घालतो, रोलर बेअरिंग नाही. जुन्या शाफ्टचं टोक झिजलेलं असतं आणि रोलर त्याला माफ करत नाहीत. बुश विकत घेताना चुंबक लावून बघा. चुंबक चिकटला तर त्यात लोखंड मिसळलेलं आहे, ते परत करा.

चढवण्याबद्दल माझी स्वतःची एक चूक सांगतो. तिसरी की चौथी गाडी असेल. पेटी वर चढली, शेवटचा अर्धा इंच राहिला, रात्र झालेली, हात दुखत होते. म्हटलं, बोल्टने ओढून घेऊ. चारही बोल्ट थोडे थोडे आवळत गेलो आणि टक्‌ असा बारीक आवाज आला. सांगाड्याचा एक कान तडकला. क्लच प्लेट जरा खाली बसली होती, एवढंच कारण. शाफ्ट बरोबर मध्यावर असेल तर पेटी हाताने आत जाते. शेवटी किंचित डोलवावी लागते, पण जाते. तोंडाला तोंड टेकल्याशिवाय बोल्टला पाना लावू नका. जात नसेल तर खाली घ्या, प्लेट पुन्हा मध्यावर आणा. गाडी चार भक्कम स्टँडवर असू द्या आणि ट्रान्समिशन जॅक भाड्याने आणा. छातीवर पेटी घेऊन चढवणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्या पाठीही पाहिल्यात.

बोगदा कापायची गरज तुम्हाला पडू नये, आणि पडली असं वाटलं तरी थांबून का ते बघा. मागचा क्रॉसमेंबर, म्हणजे पेटी मागे ज्यावर टेकते तो आडवा तुळा, मात्र बदलावा लागतो. टी-५ साठी या गाडीला बोल्टने बसणारे तयार मिळतात. ते लावल्यावर कोन मोजा. गाडीचं वजन चाकांवर असताना गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि डिफरन्शियलचा पिनियन एका अंशाच्या आत समांतर हवेत, आणि प्रोपेलर शाफ्टशी प्रत्येक क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या फिरत्या सांध्याचा) कोन तीन अंशांच्या आत. अगदी शून्यही नको, अर्धा अंश तरी असावा, नाहीतर क्रॉसमधल्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खाच पाडतात. जमत नसेल तर गिअरबॉक्सच्या माउंटखाली शिम, किंवा पाट्याच्या स्प्रिंगखाली पाचर. प्रोपेलर शाफ्टची लांबी अंदाजाने मागवू नका. योक पूर्ण आत ढकलून मग साधारण पाऊण इंच बाहेर काढा, त्या जागी मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. बहुधा तुमचा आहे तोच चालेल.

स्पीडोमीटरची केबल टी-५ ला लागते, फक्त छोटा प्लास्टिक गिअर बदलायचा. टायरच्या मैलाच्या फेऱ्या गुणिले डिफरन्शियल रेशो गुणिले पेटीतल्या चालक गिअरचे दाते, भागिले १०००. तुमच्या टायरच्या मैलाला सुमारे ७९७ फेऱ्या. पेटीत ७ दातांचा गिअर असेल तर ३.०० ला उत्तर १६.७ येतं, म्हणजे १७ दाती. ३.२५ केलंत तर १८.

तेल! वर्ल्ड-क्लास टी-५ मध्ये गिअर ऑइल घालू नका. त्यात डेक्सरॉन जातीचं ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं पातळ तेल लागतं. तुमच्या तीन-स्पीडला जाड गिअर ऑइल लागायचं, त्या सवयीने लोक तेच ओततात. मग थंडीत सकाळी दुसरा गिअर पडत नाही आणि सिंक्रोचं अस्तर खराब होतं. तुमच्या ओहायोतल्या जानेवारीत तुम्हाला हे पहिल्याच आठवड्यात कळेल.

जुना तीन-स्पीड विकू नका. पुसून, तेल भरून, त्याचे बोल्ट डब्यात घालून, वर चिठ्ठी लावून फडताळाखाली ठेवा. त्याचा आणि शिफ्टरचा काढायच्या आधी फोटो काढा. पुढे ही गाडी ज्याच्याकडे जाईल त्याला ती मूळ रूपात आणता आली पाहिजे. म्हणूनच पत्रा कापायला मी इतका विरोध करतो.

सगळं बसलं की क्लचच्या पेडलला वर साधारण एक इंच मोकळी चाल ठेवा आणि पहिले पाचशे मैल शहरात चालवा, सिग्नल-सिग्नल, हाफ क्लच न धरता आणि दणका न देता. मग पेटीचं तेल गरम असतानाच एका पांढऱ्या ट्रेमध्ये काढा. राखाडी झाक असेल तर ठीक, नव्या-जुन्या भागांची ती ओळख आहे. पितळी चमक दिसली तर सिंक्रो घासतायत. बोटाला लागतील असे पोलादाचे कण असतील तर गाडी चालवणं थांबवा, आणि मला डायल गेजचे तुमचे तीन आकडे कळवा.